बाटली बसली, पण पाणी परत येईना

आमची अ‍ॅम्बॅसिडर १९७२ सालची आहे, म्हणजे मार्क २ या पिढीतली. वडिलांनी ती १९७९ साली सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहा झाला की बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी तोंडाशी येईपर्यंत भरायचे, हा त्यांचा नेम होता. पुढच्या रविवारी पाहावे तर पाणी दोन बोटे खाली गेलेले असे. "ही गाडी पाणी पिते," असे ते शेजाऱ्यांना सांगत, आणि त्या सांगण्यात तक्रारीपेक्षा, घरातल्या एखाद्या खाणाऱ्या मुलाविषयी बोलावे तसा, कौतुकाचा भाग अधिक असे. डिकीत पाण्याचा पाच लिटरचा डबा कायम असायचा. गाडी माझ्याकडे आल्यावर हा नेम मीही कित्येक वर्षे बिनतक्रार पाळला. गाडी पाणी पीत नसून, आपण पाजलेले पाणी ती रस्त्यावर थुंकते आहे, हे मला फार उशिरा कळले. ते थुंकलेले एका बाटलीत धरून परत गाडीला पाजायच्या माझ्या खटपटीची ही हकीकत.

त्याचा हिशेब अगदी सोपा आहे. पाणी तापले की फुगते, आणि २५ अंशांवरचे पाणी ९० अंशांवर गेले की त्याचे आकारमान साधारण ३.३ टक्क्यांनी वाढते. आमच्या गाडीतले सगळे पाणी मी एकदा काढून मोजले तेव्हा ते ७ लिटर भरले, म्हणजे इंजिन पुरते तापल्यावर जवळजवळ २३० मिलिलिटर पाणी जास्तीचे होते आणि त्याला कुठे तरी जागा लागते. १,४८९ सीसीचे हे इंजिन मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातले आहे आणि त्या काळच्या रचनेत ही जागा रेडिएटरच्या वरच्या टाकीतच ठेवलेली होती. टाकी दोन बोटे रिकामी राहील, फुगलेले पाणी तिथे मावेल आणि तरीही जास्त झालेच तर झाकणाखालच्या बारीक तांब्याच्या नळीतून ते खाली जमिनीवर जाईल, अशी ती सोय होती. वडील ती दोन बोटांची जागा दर रविवारी भरून टाकत, गाडी सोमवारी ऑफिसला पोहोचेपर्यंत ती पुन्हा मोकळी करून घेई, आणि हा खेळ तीस-पस्तीस वर्षे चालला. आठवड्याला २३० मिलिलिटर म्हणजे वर्षाला सुमारे १२ लिटर नवे पाणी आम्ही इंजिनात घालत होतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर नवा प्राणवायू आणि नवे क्षारही घालत होतो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात. त्या बोअरच्या पाण्याने बाथरूमच्या नळांना जो पांढरा थर चढतो, तोच इंजिनाच्या आत चढत असणार, एवढा साधा विचार मनात आला नाही. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्याच्या, बाजूचा पाणी काढायचा नळ मी पहिल्यांदा उघडला तेव्हा त्यातून थेंबही आला नाही. सायकलच्या चाकाची तार आत घालून खरवडल्यावर आधी चिंचेच्या कोळासारखा गाळ आला, मग गंजाच्या पापड्या आल्या आणि बऱ्याच वेळाने पाणी आले.

आत साफसफाई करून, रेडिएटर उतरवून, धुऊन परत बसवल्यावर पाण्याऐवजी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचा तयार द्रव, भरायचे ठरले, आणि बाटलीचा प्रश्न तेव्हा उभा राहिला. पुण्यात काही पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही, त्यामुळे कूलंटचा तो उपयोग आपल्याला नाही. आपल्याला हवी असतात ती त्यातली गंजरोधक द्रव्ये. पण ज्याच्यावर हे कूलंट आधारलेले असते ते इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. आमच्या पार्किंगमध्ये दोन कुत्री आणि एक मांजर कायम वस्तीला असतात; गाडीखाली सांडलेल्या गोड हिरव्या थारोळ्याला ती तोंड लावणार हे उघड होते. पाणी सांडले तर फरशी ओली होते, ग्लायकॉल सांडले तर जनावर दगावू शकते. तेव्हा जास्तीचे कूलंट जमिनीवर जाऊ न देता बाटलीत धरायचे आणि इंजिन निवल्यावर तेच परत रेडिएटरमध्ये घ्यायचे, असे मी ठरवले.

इथे एक गोष्ट आधीच सांगतो, कारण जुन्या गाड्यांचे लोक जमले की हा समज हमखास ऐकू येतो. बाटली लावल्याने गाडी थंड होत नाही. रेडिएटरची जाळी गाळाने भरलेली असेल, पंख्याचा पट्टा सैल असेल किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप, अडकलेला असेल, तर बाटली लावलेली गाडीही तितकीच तापेल. फक्त तिचे उकळलेले पाणी रस्त्याऐवजी बाटलीत जाईल. बाटलीचा खरा फायदा असा की रेडिएटर सदैव काठोकाठ भरलेला राहतो, वरच्या टाकीत हवा उरत नाही म्हणून गंजाला खाद्य मिळत नाही, आणि पातळी पाहण्यासाठी तापलेल्या झाकणाला हात लावावा लागत नाही. दुसरे असे की नव्या गाड्यांत दिसणारी, स्वतःच दाब सोसणारी आणि दाबाचे झाकण स्वतःच्याच डोक्यावर वागवणारी टाकी वेगळी आणि ही बाटली वेगळी. आपल्या बाटलीत कसलाही दाब नसतो. तिच्या झाकणाला वाऱ्यासाठी बारीक भोक असते, आणि नळी मात्र तळापर्यंत जावी लागते, म्हणजे परतीच्या वेळी हवा न ओढता द्रवच ओढला जाईल.

इतके सगळे वाचून-समजून घेतल्यावर मी पहिली बाटली लावली ती मिनरल वॉटरची. प्रयोगापुरती लावली होती, हे माझे समर्थन. पहिल्याच फेरीनंतर बॉनेट उघडले तेव्हा ती सुकलेल्या आवळ्यासारखी आक्रसून एका बाजूला कलली होती. त्या बाटल्यांचे प्लॅस्टिक ऐंशी अंशांच्या आतच मऊ पडते आणि आपण तिच्यात नव्वद अंशांचे कूलंट सोडतो आहोत, हे कागदावर लिहून पाहिले असते तरी समजले असते. त्यानंतर मला हौस सुचली. गाडी जुनी, तेव्हा बाटलीही तिला शोभेल अशी असावी, म्हणून मी कसब्यातल्या तांबट आळीत गेलो आणि एका कारागिरांना मठारलेली, तांब्याची, एक लिटरची, उभट बाटली करून मिळेल का असे विचारले. त्यांनी माप घेतले, तोंडाचा व्यास विचारला, आणि मग "आत काय ठेवणार?" असे विचारले. मी सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "करून देतो की. पण आतलं दिसणार कसं तुम्हाला?" बाटलीचे अर्धे काम पातळी दाखवण्याचे आहे, हे मोटारीशी संबंध नसलेल्या माणसाने माझ्या लक्षात आणून दिले. शेवटी मारुती ८००ची पांढरी, अर्धपारदर्शक बाटली आणली. ती दिसायला अजिबात शोभत नाही, पण उष्णता सोसते, पातळी दाखवते आणि उद्या फुटली तर नाना पेठेत दुसरी मिळते.

बसवण्याचे काम एका दुपारचे होते. रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यावर जो मूळचा बोल्ट होता त्याच्याच आधाराने लोखंडी पट्टीची क्लँप करून बाटली टांगली. पन्नास वर्षांच्या गाडीला नवीन भोक पाडायचे नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी या कामातही मोडला नाही. बोहरी आळीतून मीटरभर जाड रबरी नळी आणि चार क्लिपा आणल्या. नळी जाड हवी, कारण पातळ नळी ओढ बसताच चपटी होऊन मिटते. रेडिएटरच्या कडेने खाली गेलेली तांब्याची मूळ नळी न कापता तिच्या खालच्या टोकालाच रबरी नळी जोडली आणि तिथून वर वळवून बाटलीत सोडली. उद्या कोणाला गाडी पूर्वीसारखी करायची असेल तर एक क्लिप आणि एक बोल्ट काढला की झाले.

बाटली बसली. एक फेरी मारून आल्यावर तिच्यातली पातळी चांगली बोटभर चढलेली दिसली आणि मी घरातल्यांना बोलावून ती दाखवलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तेवढीच होती. रेडिएटरचे झाकण काढले तर आत कूलंट नेहमीप्रमाणे दोन बोटे खाली. म्हणजे जाणे झाले होते, येणे झाले नव्हते. मी वडिलांच्या सवयीने रेडिएटर काठोकाठ भरला. पुढच्या फेरीला बाटली आणखी बोटभर चढली. असे चार रविवार गेले आणि पाचव्या सोमवारी सकाळी वॉचमन सांगत आला, "काका, तुमच्या गाडीखाली हिरवं पाणी आलंय." ज्या थारोळ्यासाठी एवढा खटाटोप केला ते थारोळे आता बाटलीच्या झाकणातून येत होते. कुत्री जवळपास नव्हती हे नशीब. मी तेवढी फरशी तीनदा धुतली.

दोष झाकणात होता, आणि या साऱ्या प्रकरणातला खरा मुद्दा झाकण हाच आहे. रेडिएटरच्या तोंडात नीट पाहिले तर दोन काठ दिसतात. एक वरचा, जिथे आपण झाकण फिरवून बसवतो, आणि दुसरा त्याच्या खाली इंचभर आत. झाकणाची स्प्रिंग एक रबरी चकती त्या खालच्या काठावर दाबून धरते. आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चकती उचलली जाते आणि कूलंट दोन काठांच्या मधल्या जागेत येते. बाजूची बारीक नळी त्या मधल्याच जागेतून निघते. हे झाले जाणे. येण्यासाठी त्याच चकतीच्या मध्यभागी जुन्या आठ आण्याच्या नाण्याहून लहान अशी एक पितळी झडप असते. इंजिन निवू लागले की आतले द्रव आक्रसते, आत ओढ निर्माण होते, झडप आतल्या बाजूला उघडते आणि मधल्या जागेत जे काही असेल ते आत खेचले जाते. "जे काही असेल ते" हे महत्त्वाचे आहे. मधली जागा वरून बंद असेल तर तिच्यात नळीवाटे बाटलीतले कूलंट येईल. पण वरच्या काठावर रबर नसेल आणि तिथे नुसते पत्र्याला पत्रा टेकत असेल, तर बाटलीतून द्रव उचलून आणण्यापेक्षा बाहेरची हवा आत घेणे त्या ओढीला केव्हाही सोपे. जुन्या रचनेत जास्तीचे पाणी परत आणायचेच नव्हते, त्यामुळे आमच्या जुन्या झाकणाला वरचे रबर मुळातच नव्हते. त्यात एकच रबर होते, खालचे. मी बाटली, पट्टी, नळी, क्लिपा असे सगळे नवे घेतले होते, आणि ज्या वस्तूवर परतीचा प्रवास अवलंबून होता तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

मग नाना पेठेत जाऊन दोन रबरांचे झाकण मागितले. दुकानात गर्दी होती. काउंटरवरच्या मुलाने "सगळ्या गाड्यांना हेच बसतं" असे सांगून ०.९ आकडा छापलेले एक चकचकीत झाकण दिले, ते फिरवून बसलेही, आणि मी समाधानाने त्याच शनिवारी सासवडला जायला दिवे घाटाला लागलो. घाट अर्धा चढून होतो न होतो तोच बॉनेटखालून हुक्का ओढल्यासारखा गुडगुड आवाज येऊ लागला. गाडी कडेला घेतली तेव्हा बाटली उकळत्या चहाच्या पातेल्यासारखी फसफसत होती. झाकणाला हात न लावता तासभर थांबलो. उजव्या हाताला मस्तानी तलाव दिसत होता आणि इतके पाणी समोर असताना आपल्याजवळचा डबा रिकामा असल्याचे मला आठवले.

त्या झाकणाचे काय चुकले हे मला आमच्या रेडिएटरवाल्या चाचांनी सांगितले. आयुष्यभर रेडिएटर झाळण्यात हात पोळून घेतलेला हा माणूस बोलतो कमी. त्यांनी नवे झाकण हातात घेतले, बोटाने त्याच्या स्प्रिंगची लांबी पाहिली, तेच बोट रेडिएटरच्या तोंडात घातले, आणि म्हणाले, "साहेब, हे खाली टेकतच नाही. वर नुसतं टोपीसारखं बसलंय." घरी येऊन मी व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घेणाऱ्या पट्टीने, मोजले. आमच्या तोंडाची वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंतची खोली २५ मिलिमीटर होती आणि नव्या झाकणाची पोच जेमतेम १९. खालचे रबर सहा मिलिमीटर अधांतरी होते, म्हणजे गाडी दाबाशिवायच चालली होती. दाब नसेल तर समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, पण पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथे ते ९८ अंशांनाच उकळू लागते. मिसळलेले कूलंट थोडे उशिरा उकळते हे खरे, पण मी त्या वेळी गळतीच्या भानगडीत वरचेवर साधे पाणी ओतून ते इतके पातळ केले होते की त्याचा आधार उरला नव्हता.

"आणि टेकलं असतं तरी बरं नव्हतं," चाचांनी पुढे सांगितले. झाकणावरचा ०.९ हा आकडा बारमधला आहे, जुन्या मापात सांगायचे तर दर चौरस इंचाला सुमारे १३ पौंड. आमच्या जुन्या झाकणावर ७ आकडा होता, तो पौंडांचा. म्हणजे जवळजवळ अर्धा बार. पितळेची टाकी, तांब्याची जाळी आणि त्यांना धरून ठेवणारे शिशाचे झाळकाम असा पन्नास वर्षांचा संसार ७ पौंडांवर चालला होता, त्याच्यावर एकदम दुप्पट दाब टाकला तर सगळ्यात कच्चा सांधा उघडतो. पुष्कळ लोक गाडी तापते म्हणून जास्त दाबाचे झाकण बसवतात आणि मग रेडिएटर फुटला म्हणून चाचांकडे येतात. त्यांचा धंदा त्यावर चालतो, असे ते हसून म्हणाले. ७ पौंडांचा उपयोग कमी नाही. पुण्याच्या उंचीवर तेवढ्या दाबाने साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू ९८ वरून ११० अंशांपर्यंत जातो, आणि कूलंट मिसळल्यावर आणखी काही अंश हाताशी राहतात.

आता ७ पौंडांचे, २५ मिलिमीटर पोच असलेले आणि दोन रबरांचे झाकण शोधायचे होते. नाना पेठेत तीन दुकाने हिंडलो, दोन रविवार जुन्या बाजारात उन्हात उकिडवे बसून पत्र्याच्या ढिगांतून झाकणे उपसली. तिथे मिळालेल्या झाकणांची रबरे पापडासारखी मोडत होती. शेवटी चाचांनीच ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारायला सांगितले, कारण ट्रॅक्टरांना अजूनही कमी दाबाची आणि खोल पोचेची झाकणे लागतात. दुकानदाराने चार निरनिराळी झाकणे काउंटरवर मांडली, मी खिशातून व्हर्नियर काढल्यावर त्याने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले, आणि तिसरे झाकण जुळले. मी दोन घेतली.

नवे झाकण बसवण्याआधी दोन गोष्टी पाहून घेतल्या आणि त्या कोणीही पाहाव्यात. मधली पितळी झडप नखाने हलवून पाहिली. ती अडखळता कामा नये. ती क्षारांनी चिकटली असेल तर निवताना आत हवाही येत नाही आणि कूलंटही येत नाही, आणि सकाळी वरचा होज, म्हणजे रेडिएटरची वरची रबरी नळी, कोणी चिमटीत धरल्यासारखा चपटा झालेला दिसतो. तसे दिसले तर होज बदलायला धावू नये, झाकण बदलावे. दुसरे म्हणजे रेडिएटरच्या तोंडाचा वरचा काठ. इतकी वर्षे झाकण पक्कडीने फिरवल्यामुळे तो एका जागी चेपला होता. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून काठ घासला, इंजिन ऑइलचे बोट फिरवले आणि रबर सगळीकडे सारखे टेकते आहे असे त्यावर उमटलेल्या वर्तुळावरून पाहिले.

फेरी मारली. बाटलीवर मी डॉक्टरी चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले होते, एक थंड पातळीला आणि एक गरम. गाडी बंद केल्यावर पातळी लगेच स्थिर होत नाही, ती पुढची काही मिनिटे चढतच राहते, कारण पंप थांबलेला असतो पण तापलेले लोखंड आपली उष्णता आतल्या द्रवाला देतच असते. जुन्या गाड्या चालताना न सांडता पार्किंगमध्ये येऊन का सांडतात, त्याचे उत्तर हेच. रात्री मी दोनदा खाली जाऊन टॉर्च मारून पाहिले. दुसऱ्यांदा पातळी खाली येत असताना प्रत्यक्ष दिसली, नळीत एक बुडबुडा सरकला, आणि नळीत अधूनमधून असे बुडबुडे सरकतच राहिले. सकाळी बाटलीतली पातळी दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये येऊन थांबली होती. निम्मे कूलंट परत आले होते आणि निम्म्याची जागा हवेने घेतली होती.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत असे होऊ शकते. इंजिनात कोपऱ्याकोपऱ्यांत अडकलेली हवा प्रत्येक फेरीला थोडी थोडी बाहेर पडते आणि तिची जागा कूलंट घेते, त्यामुळे सुरुवातीला हिशेब जुळत नाही. चार फेऱ्या झाल्या तरी तो जुळेना, तेव्हा शोध सुरू केला. आधी हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याचे डोके यांच्यामधल्या सांधपट्टीची, शंका आली, कारण ते गेलेले असेल तर जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो आणि बाटलीत सतत बुडबुडे येतात. पण गरम इंजिनाचा वेग वाढवून बाटलीकडे पाहिले तर तिथे शांतता होती. बुडबुडे फक्त परतीच्या वाटेवर होते. म्हणजे हवा बाहेरून शिरत होती, आणि रबरी नळी, क्लिपा, झाकण हे सगळे नवे होते. उरली ती तांब्याची मूळ नळी. तिचे खालचे टोक बोटाने बंद करून, वरून सायकलच्या पंपाने हलकी हवा सोडली आणि साबणाचा फेस ब्रशने लावत गेलो. रेडिएटरच्या कडेला जिथे ती वळते तिथे एक हिरवट खपली होती. फेस तिथे पोहोचताच मोहरीएवढे फुगे एकामागोमाग एक उठले. इतक्या बारीक भोकातून बाहेर जाताना थेंबसुद्धा दिसला नव्हता, पण आत हवा घ्यायला ते पुरेसे होते.

चाचांनी खपली खरवडली, फ्लक्स लावला आणि वाटाण्याएवढा डाग देऊन ते भोक बुजवले. पैसे घेईनात. "डागाचे काय घ्यायचे," म्हणाले, आणि मग चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत.

त्यानंतर जुने पातळ झालेले मिश्रण काढून टाकून जुन्या पितळी रेडिएटरांना चालणारे हिरवे पारंपरिक कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी असे निम्मे-निम्मे भरले. निम्म्यापेक्षा जास्त कूलंट घालण्याचा मोह काहींना होतो, पण उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस असते. शुद्ध कूलंट भरलेली गाडी उलट जास्त तापते. मग एका पहाटे मी आणि बायको महाबळेश्वरला निघालो. खंबाटकीचा घाट चढला, सुरूरला वळून वाई केली आणि पसरणीच्या घाटाला लागलो. या घाटात पूर्वी दर दोन-तीन वळणांवर एखादी अ‍ॅम्बॅसिडर किंवा फियाट बॉनेट उघडून उभी असे आणि आमचीही त्यांत असे. पाचगणीत टेबल लँडच्या पायथ्याशी थांबलो तेव्हा बॉनेट उघडले. साध्या पाण्याला तिथे उकळायला ९६ अंशही लागत नाहीत, पण कूलंट गरम पट्टीच्या बोटभर वर शांत उभे होते. बायकोने विचारले, "झालं का बघून?" मी आणखी दहा मिनिटे मागून घेतली, कारण बंद केल्यानंतरची चढ पाहायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या अंगणात, दव पडलेल्या थंड बॉनेटवर हात ठेवून खात्री केल्यावर झाकण काढले. कूलंट काठाला टेकलेले होते आणि झाकण काढताच त्याच्यावर माझे बोट हलल्यासारखा एक बारीक तरंग उठला. बाटली थंड पट्टीवर होती. पेपरच्या जाडीचाही फरक नव्हता.

एक त्रास अजून उरला आहे. इंजिन आयडलवर असताना बाटलीची लोखंडी पट्टी बाजूच्या पत्र्यावर टकटक वाजते. मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून घातला आहे, त्याने आवाज निम्मा कमी झाला. पट्टी एकदा काढून अर्धा सेंटीमीटर आत वळवायची आहे.